जिस्टचं निदान झालंय? रिपोर्ट हातात घेऊन पुढे कसं जायचं

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे पेशंटला सहसा कधीच न भेटणारी डॉक्टर. तुमची गाठ माझ्याकडे येते, तुम्ही येत नाही. तरी अधूनमधून कुणीतरी लॅबचं दार शोधत येतं. हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला रिपोर्ट असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, हा कॅन्सर आहे की नाही, तेवढंच सांगा."

जिस्ट या पचनमार्गातल्या गाठीच्या बाबतीत याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. समोरच्याला वाटतं मी टाळतेय, पण तसं नाही. जठरातली एक सेंटिमीटरची गाठ जन्मभर गप्प बसू शकते. लहान आतड्यातली बारा सेंटिमीटरची गाठ यकृतापर्यंत पोचू शकते. रिपोर्टवर दोघींचं नाव एकच. म्हणून नाव कळलं की काम संपलं असं समजू नका. गाठ कुठे आहे, केवढी आहे, तिच्यातल्या पेशी किती वेगाने वाढताहेत आणि कुठल्या जनुकात नेमका काय बदल झालाय, या चार गोष्टी कागदावर आल्या की उपचार बराचसा आपोआप ठरतो. त्या चार गोष्टी कशा मिळवायच्या आणि मिळाल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी ही गाठ काय आहे ते

जिस्ट म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. पोटाचा कॅन्सर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो जठराच्या किंवा आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा. जिस्ट अस्तराखाली, भिंतीच्या स्नायूंच्या थरात वाढते. तिथे काही खास पेशी असतात. आतड्याची हालचाल लयीत व्हावी म्हणून ताल धरण्याचं काम त्यांचं. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, ज्यांना १९०६ साली नोबेल मिळालं, त्या पेशींचं वर्णन केलं, म्हणून त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. जिस्ट याच पेशींपासून किंवा त्यांच्या पूर्वज पेशींपासून तयार होते.

सुमारे साठ टक्के जिस्ट जठरात सापडतात, तीस टक्के लहान आतड्यात आणि उरलेल्या मुख्यतः ड्युओडेनममध्ये (जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग) आणि गुदाशयात. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दहा ते पंधरा नवे पेशंट, एवढाच हा आजार. म्हणजे उत्तम सर्जनच्याही हाताखालून वर्षात एखादीच केस जात असेल. त्यात त्यांचा दोष काही नाही, पण पहिला निर्णय घेण्याआधी सार्कोमा (स्नायू, चरबी, हाडं अशा ऊतींचे कॅन्सर) किंवा जिस्ट नेहमी हाताळणाऱ्या टीमचं मत घ्यायला हवं, ते याचसाठी. जिस्ट सहसा काही दिवसांत बिघडत नाही. धो-धो रक्तस्राव, आतडं बंद होणं किंवा गाठ फुटणं यांतलं काही नसेल, तर दुसरं मत घेण्याइतका वेळ तुमच्याकडे असतो.

पायरी १: लक्षणं आणि 'एंडोस्कोपी नॉर्मल'चा चकवा

बऱ्याच जिस्ट योगायोगानेच सापडतात, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत वगैरे. लक्षण दिसलंच तर बहुतेकदा रक्तस्रावाचं असतं: डांबरासारखी काळी, चिकट शी, धाप लागणं, हिमोग्लोबिन घसरत जाणं. कधी दोन घासांत पोट भरतं, कधी पोटात हाताला गोळा लागतो. पण लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते. त्यामुळे अ‍ॅनिमियासाठी गोळ्या सुरू केल्या की नेमकी हीच खूण झाकली जाते. मोठ्या वयात लोह कमी का झालं, याचा शोध न घेता महिनोन्महिने फक्त गोळ्या घेत राहू नका.

दुसरा चकवा एंडोस्कोपीचा. दुर्बिणीतून भिंतीवर एक गुळगुळीत फुगवटा दिसतो, त्यातून चिमट्याने तुकडा घेतात आणि आम्ही रिपोर्ट देतो: "नॉर्मल अस्तर." घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. आमचा रिपोर्ट खरा असतो, पण तो चादरीचा असतो. गोळा गादीच्या आत असतो. फुगवटा दिसला आणि बायोप्सी नॉर्मल आली, तर ती तपासणी अपुरी धरायची, निकाल म्हणून नाही.

वरून आणि खालून दोन्ही एंडोस्कोपी करूनही रक्त कुठून जातंय ते सापडत नसेल, तर लहान आतडं बघावं लागतं. त्यासाठी गिळायची कॅमेरा-कॅप्सूल किंवा आतड्याचा खास सीटी स्कॅन असतो.

पायरी २: चित्र आणि सुई

पहिली तपासणी म्हणजे पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. जिस्ट पसरली तर मुख्यतः यकृतात आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरते, फुप्फुसात क्वचित. गुदाशयातल्या गाठीसाठी एमआरआय लागतो. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. औषध लागू पडतंय का हे लवकर बघायचं असेल किंवा सीटीवर शंका असेल, तर त्याचा उपयोग होतो.

जठरातल्या गाठीसाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड फार कामाचा. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, त्यामुळे भिंतीच्या थरांपैकी नेमक्या कुठल्या थरातून गाठ निघाली ते दिसतं आणि तिथूनच सुई घालून नमुनाही घेता येतो.

सुई म्हटली की प्रश्न येतोच: "टोचल्याने पसरणार नाही ना?" ही भीती अगदीच निराधार नाही. जिस्ट मऊ असते, आत रक्त साकळलेलं असू शकतं. पण एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुई जठराच्या आतून जाते, त्यामुळे पोटाच्या पोकळीत पेशी सांडण्याचा धोका कमी राहतो. शिवाय सुई प्रत्येकाला लागतेच असं नाही. गाठ आटोपशीर आहे, चित्र स्पष्ट आहे, थेट काढता येणार आहे, अशा वेळी बायोप्सीशिवाय ऑपरेशन करणं ही रीतच आहे. बायोप्सी लागतेच ती आधी गोळी देऊन गाठ लहान करायची असेल तर, आजार पसरलेला असेल तर, किंवा लिम्फोमासारखं (लसिका पेशींचा कॅन्सर) दुसरंच काही असण्याची शंका असेल तर.

जठरातली दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि निरुपद्रवी दिसणारी गाठ पुष्कळदा काढतच नाहीत, ठरावीक अंतराने एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून नजर ठेवतात. गुदाशयात मात्र ही सूट नाही, तिथली गाठ लहान असली तरी काढायचीच.

पायरी ३: माझा रिपोर्ट कसा वाचायचा

इथे जरा थांबते, कारण हे माझं टेबल आहे आणि लोक नेमकं हेच पान उलटून पुढे जातात.

काचेच्या पट्टीवर जिस्ट बहुतेकदा लांबट पेशींच्या जुड्यांसारखी दिसते. नुसत्या नजरेने मी फसू शकते, कारण स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या गाठीही अशाच दिसतात. १९८० च्या दशकापर्यंत सगळे फसतच होते. अशा बहुतेक गाठींना तेव्हा लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंच्या गाठी, म्हणत. म्हणून आता आम्ही प्रथिनं रंगवून बघतो. सीडी-११७ नावाचा रंग टाकला की जिस्टच्या पेशी तपकिरी होतात, साधारण ९५ टक्के गाठींमध्ये. त्याच पट्टीत इकडेतिकडे विखुरलेल्या मास्ट पेशीही तपकिरी दिसतात. गाठ फिकी राहिली तर मी आधी त्या शोधते. त्या रंगल्या असतील तर रंगात खोट नाही, गाठच वेगळी असू शकते. जोडीला डॉग-१ हा रंग असतो. रिपोर्टमध्ये या दोन्हींची नावं शोधा. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर निदान पक्कं समजायला हरकत नाही.

त्यानंतरची ओळ म्हणजे मायटोटिक काउंट, विभागणीच्या अवस्थेत पकडलेल्या पेशींची मोजदाद. ५ चौरस मिलिमीटर जागेत अशा किती सापडल्या ते लिहिलेलं हवं. ही मोजणी कंटाळवाणी असते आणि माणसागणिक थोडी बदलते. मरू घातलेल्या पेशीचं आक्रसलेलं, काळं केंद्रक विभागणाऱ्या पेशीसारखंच भासतं, त्यामुळे चार म्हणायचं की सहा, यावर दोन पॅथॉलॉजिस्टांत वाद होऊ शकतो. आजार उलटण्याचा धोका ज्या तक्त्यावरून ठरवतात, त्यात रेघ नेमकी पाचवर आहे, म्हणून आकडा तिच्या आसपास असेल तर पट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. आम्हाला त्यात अपमान वाटत नाही.

हा काउंट एकटा वाचू नका. पाच ते दहा सेंटिमीटरची, काउंट पाच किंवा कमी असलेली गाठ जठरात असेल, तर आजार पुढे सरकण्याची शक्यता चार टक्क्यांच्याही आत असते. तीच गाठ, तेवढीच, तेवढाच काउंट, पण लहान आतड्यात असेल तर शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून नातेवाईक नुसतं "सात सेंटिमीटर आहे" म्हणाले की मी आधी विचारते, कुठे?

रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द शोधा: रप्चर, म्हणजे गाठ फुटणं. ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशनमध्ये गाठ पोटात फुटली असेल, तर बाकी आकडे कितीही चांगले असले तरी धोका जास्त धरतात. हे सर्जनच्या नोट्समध्ये असतं, माझ्या पट्टीवर दिसेलच असं नाही. डिस्चार्ज कार्डावर नसेल तर सर्जनना स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या.

पायरी ४: म्युटेशन (जनुकातला बदल) विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका

पेशीच्या अंगावर किट नावाचं एक प्रथिन असतं. त्याला दाराची बेल समजा. बाहेरून कुणी बटण दाबलं की आत पेशीला "वाढ" असा निरोप जातो. बटण आत रुतून बसलं, तर दारात कुणी नसलं तरी बेल वाजतच राहते. जिस्टमध्ये हेच घडतं, हे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर चक्रं वेगाने फिरली. ल्युकेमियासाठी बनवलेली इमॅटिनिब ही गोळी ही बेलही बंद करते, हे लक्षात आलं. २००० साली फिनलंडमध्ये आजार पसरलेल्या एका पेशंटला ती पहिल्यांदा दिली, आणि २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी मान्यताही मिळाली. त्याआधी पसरलेल्या जिस्टवर देण्यासारखं काही नव्हतंच म्हणा, नेहमीच्या किमोला ही गाठ दाद देत नाही.

पण बटण रुतण्याच्या जागा अनेक आहेत आणि सगळ्या जागी ही गोळी पोचत नाही.

किट जनुकाच्या एक्झॉन ११ मध्ये (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) बदल असेल तर इमॅटिनिब सर्वांत चांगली चालते. सुदैवाने जवळजवळ दोन तृतीयांश पेशंट याच गटातले. एक्झॉन ९ मधला बदल मुख्यतः आतड्यातल्या गाठीत सापडतो, आणि आजार पसरलेला असेल तर रोजच्या ४०० ऐवजी ८०० मिलिग्रॅम डोसाचा विचार होतो. पीडीजीएफआरए हे किटचं भावंड. त्यातला डी८४२व्ही हा बदल सापडला तर इमॅटिनिब जवळपास निरुपयोगी. अशा पेशंटला ऑपरेशननंतर तीन वर्षं ती खायला लावणं म्हणजे नुसतेच दुष्परिणाम पदरात टाकणं. त्याच्यासाठी अवाप्रिटिनिब हे वेगळं औषध २०२० मध्ये आलं.

किट आणि पीडीजीएफआरए दोन्ही स्वच्छ आले तर रिपोर्टवर 'वाइल्ड टाइप' लिहिलेलं असतं. तिथे थांबायचं नाही, एसडीएचबी या प्रथिनाचा रंग करून घ्यायचा. इथे नियम उलटा: रंग न येणं हीच खूण. असे पेशंट, म्हणजे एसडीएच गट, सहसा तरुण असतात, मुली जास्त, गाठ जठरात, कधी एकापेक्षा अधिक. यांच्यात आजार पसरलेला असूनही वर्षानुवर्षं संथ राहू शकतो आणि इमॅटिनिबचा फायदा फारसा होत नाही.

कामाची गोष्ट: या चाचणीसाठी पुन्हा बायोप्सी सहसा लागत नाही. तुमचा नमुना मेणाच्या छोट्या ठोकळ्यात लॅबमध्ये ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. लेखी अर्ज करून तो मागता येतो. कुरिअरने पाठवण्यापेक्षा शक्यतो स्वतः न्या, सांभाळा, काम झालं की परत आणून द्या. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. मेणच ते, वितळतं.

पायरी ५: ऑपरेशन

एका जागी असलेली गाठ पूर्ण काढणं, हाच जिस्ट बरी करण्याचा खरा मार्ग. सर्जनचं लक्ष्य असतं गाठ अखंड, न फोडता, कडा स्वच्छ ठेवून बाहेर काढणं. अस्तराच्या कॅन्सरसारखं मोठं कापावं लागत नाही. जठरातली गाठ पुष्कळदा भिंतीच्या पाचरीसकट निघते आणि बाकी जठर शाबूत राहतं. लसिका ग्रंथी सरसकट काढत नाहीत, कारण जिस्ट तिकडे क्वचितच जाते. अपवाद वर सांगितलेल्या एसडीएच गटाचा. पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीतूनही ऑपरेशन होतं, पण गाठ पिशवीत घालूनच बाहेर काढायची. लहान छेदातून ओढताना ती फुटली तर काय होतं ते वर आलंच आहे.

गाठ फार मोठी असेल, किंवा आत्ता काढली तर संपूर्ण जठर अथवा गुदद्वार गमवावं लागेल अशा जागी असेल, तर आधी साधारण सहा ते बारा महिने इमॅटिनिब देऊन ती आटवतात. मात्र गोळीनंतर मोजलेला मायटोटिक काउंट धोका ठरवायला चालत नाही. म्हणून गोळीआधीची बायोप्सी आणि म्युटेशन, दोन्ही आधी पदरात पाडून घ्या.

पायरी ६: गोळी

धोका जास्त असेल आणि म्युटेशन दाद देणारं असेल, तर ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब. एक वर्ष आणि तीन वर्षं अशी तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांनी आजार न उलटलेले पेशंट अनुक्रमे सुमारे ४८ आणि ६६ टक्के होते, आणि हयात असलेले ८२ आणि ९२ टक्के. धोका अगदी कमी असेल तर गोळी लागतच नाही. मधल्या गटात डॉक्टरांशी बसून चर्चा करावी लागते. आजार पसरलेला असेल तर गोळी लागू पडतेय आणि सोसतेय तोवर चालूच ठेवायची. स्कॅन स्वच्छ आला म्हणून बंद केली तर आजार बहुतेकांमध्ये पुन्हा डोकं वर काढतो.

गोळी भरल्या पोटी, दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. उपाशीपोटी घेतली की मळमळते. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, पातळ शी, थकवा हे बरेचदा होतं आणि बहुधा आटोक्यात येतं. केस किमोसारखे सहसा जात नाहीत. रक्ताचा काउंट आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. अंगावर पुरळ पसरलं, डोळे पिवळे झाले, वजन झपाट्याने वाढलं, धाप लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा. डोस मनाने कमी करू नका. लोक करतात, आणि सांगतही नाहीत.

ग्रेपफ्रूट टाळा. फिट्सची, क्षयाची, बुरशीची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, त्यांची या गोळीशी टक्कर होते. वनौषधीही सांगा. गोळी चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नका.

पायरी ७: स्कॅनवर गाठ वाढलेली दिसली तर

पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सीटीत गाठ कधीकधी मोठी दिसते आणि घरात रडारड होते. पेशी मेल्यावर गाठीत पाणी आणि रक्त साठतं, त्यामुळे ती फुगते. म्हणून जिस्टमध्ये नुसता आकार बघत नाहीत, घनताही बघतात. चोई निकषांनुसार आकार दहा टक्क्यांनी किंवा घनता पंधरा टक्क्यांनी उतरली, तर औषध लागू पडलं असं धरतात. रेडिओलॉजिस्टना फॉर्मवर ठळक लिहून द्या: "जिस्ट, इमॅटिनिब चालू, सुरुवात अमुक तारखेला." उलट, शांत झालेल्या जुन्या गाठीच्या पोटात नवा घट्ट ठिपका उजळलेला दिसला, तर आकार तेवढाच असला तरी तो गोळीला दाद न देण्याच्या सुरुवातीचा इशारा असू शकतो.

तसं झालं तर आधी गोळ्या खरंच रोज घेतल्या जातात का ते तपासायचं. मग डोस वाढवणं, आणि त्यानंतर क्रमाने सुनिटिनिब, रेगोराफेनिब, रिप्रेटिनिब. सुनिटिनिब आणि रेगोराफेनिबमध्ये रक्तदाब आणि तळहात-तळपाय सोलवटणं यांवर लक्ष ठेवावं लागतं, सुनिटिनिबमध्ये थायरॉइडवरही.

आणि नंतर

जास्त धोक्याच्या पेशंटला गोळी चालू असताना साधारण तीन ते सहा महिन्यांनी सीटी असतो. तीन वर्षं पूर्ण झाली की लोकांना वाटतं आता सुटलो आणि तपासण्या सैल पडतात. खरं तर आजार उलटण्याची वेळ हीच, गोळी थांबल्यानंतरची पहिली दोन वर्षं. त्या काळात स्कॅन अधिक जवळजवळ, दर तीन-चार महिन्यांनी करतात.

घरच्यांचा शेवटचा प्रश्न असतो: "आमच्या मुलांना होईल का?" बहुतेकांच्या बाबतीत नाही, कारण बदल फक्त गाठीतल्या पेशींत झालेला असतो. पण गाठ एसडीएच गटातली असेल, अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी असतील, किंवा घरात आणखी कुणाला जिस्ट झाली असेल, तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा. जाताना म्युटेशनचा रिपोर्ट सोबत न्या. पहिल्याच भेटीत तो मागतात.